बिनविरोध

२७ ऑगस्ट २००८, बुधवार

झालं! हिलरीनं आज भर अधिवेशनात त्या पोराला आशीर्वाद दिला. नारिंगी सूट, हसरा चेहरा आणि डोळ्यांत (मला तरी दिसली) सुरी. टीव्हीवाले म्हणतात, काय मोठं मन! बाईचं मन मोठं असतंच. खुर्ची मिळत नाही, मग मनच मोठं करायचं.

मला ओबामा आवडत नाही. इथे लिहायला हरकत नाही, बाहेर बोलायची सोय नाही. छान बोलतो, मान्य. छान बोलणाऱ्यांचं पीक आमच्याकडे वर्षातून तीनदा निघतं. कालपरवा सिनेटात आला, आणि निघाला राष्ट्राध्यक्ष व्हायला. ती बाई इतकी वर्षं खपतेय, तिला म्हणायचं, जरा बाजूला सरक, इतिहास येतोय!

आणि समोरचे ते आजोबा! मॅकेन. आपली घरं किती, हे त्यांना गेल्या आठवड्यात आठवेना. माझं एकच आहे, सिंगापुरात, सेम्बावांगला नवव्या मजल्यावर. त्यातला कुठला नळ कधी गळतो ते मी झोपेत सांगेन.

माझा नवरा मनोहर पेपरातून डोकं न काढता म्हणाला, "तुला मत आहे का तिथं?"

नाही. इथेही नाही. भारतातल्या यादीतून नाव कधीच उडालं. म्हणून तर इतकी ठाम मतं परवडतात.

३० ऑगस्ट, शनिवार

आजोबांनी जोडीदार निवडली. अलास्काची बाई, सेरा पेलिन! काल रात्रीपर्यंत हे नाव कुणाला माहीत नव्हतं. हेतू उघड आहे: हिलरीच्या रुसलेल्या बायका गोळा करायच्या. दुकानात आपल्या मापाची चप्पल नसली की दुकानदार दुसऱ्याच मापाची पुढे करतो ना, "ही बघा, रंग तोच आहे," तसं.

या बाईला कळत नसेल का, आपल्याला कशासाठी उभी केलीय? कळत असेल तर निर्लज्ज. कळत नसेल तर मूर्ख. तिसरा प्रकार मला सुचत नाही.

६ सप्टेंबर, शनिवार

मंडळाचा गणपती. प्रतापच्या कॉन्डोच्या फंक्शन रूममध्ये, स्विमिंग पूलला लागून. बाप्पाच्या एका बाजूला मोदक आणि दुसऱ्या बाजूला चड्डीतले गोरे.

आमचं सह्याद्री मंडळ म्हणजे साठेक कुटुंबं, एक गणपती, एक कोजागिरी, एक दिवाळी आणि बारा महिने रुसवे. अध्यक्ष शैलेंद्रभाऊ. सहा वर्षं. एक्याण्णव साली सिंगापूरला आले, आणि तेव्हा इथं कढीपत्ता मिळत नव्हता हे आजवर प्रत्येक भाषणात सांगितलंय. सचिव मी. अकरा वर्षं. माझ्याबद्दल भाषणात काही नसतं.

आरतीआधी अमेरिकेची निवडणूक लढवून झाली. शैलेंद्रभाऊ आजोबांच्या बाजूचे. "अनुभव! अनुभवाला पर्याय नाही!" प्रताप बँकेत आयटी मॅनेजर, पुण्याचा. तो ओबामाचा. नुसता बाजूचा नाही, भक्त. "शैलेंद्रभाऊ, शतकांचा अन्याय धुऊन निघतोय, आणि तुम्ही अनुभव काय घेऊन बसलात!" छातीवर बिल्लासुद्धा होता. मेव्हण्यानं न्यू जर्सीहून पाठवलेला. गणपतीपुढे तो बिल्ला, आणि बिल्ल्याखाली सोवळं.

रत्नदीपनं मखर उभं केलं, दर वर्षीसारखं. जुरोंग ईस्टला राहतो. कुठल्याशा संशोधन संस्थेत धातूला तडे का जातात ते शोधतो. बौद्ध आहे, आरतीला उभा राहत नाही. आरती सुरू झाली की मागल्या मागे पँट्रीत जातो आणि सगळ्यांचा चहा टाकतो. यावर कुणी काही बोलत नाही. त्याच्यासमोर.

२१ सप्टेंबर, रविवार

बैठक. शैलेंद्रभाऊ म्हणाले, आता पुरे, नव्या रक्ताला वाव देऊ. नवं रक्त म्हणजे प्रताप, वय सत्तेचाळीस.

आमच्यात निवडणूक होत नाही. जुना अध्यक्ष नाव सुचवतो, कुणीतरी अनुमोदन देतं, टाळ्या, बटाटेवडे. याला आम्ही एकमत म्हणतो. आजही वडे तळून तयार होते. तेवढ्यात रत्नदीपनं हात वर केला.

"मीही उभा राहीन म्हणतो."



शैलेंद्रभाऊ म्हणाले, "अरे वा! वा वा!" मराठी माणूस लागोपाठ तीनदा वा म्हणाला की समजावं, काहीतरी बिघडलंय.

घटनेप्रमाणे निर्णय आठ नोव्हेंबरच्या वार्षिक सभेत. सगळे रत्नदीपकडे बघत होते, मग प्रतापकडे. माझ्याकडे कुणीच नाही. अकरा वर्षं मी इतिवृत्तं लिहिली, हॉल ठरवले, रुसलेल्या बायकांच्या घरी जाऊन पोहे खाल्ले. हा पठ्ठ्या येऊन चार वर्षं झाली. हाही तसाच! कालचा आला आणि निघाला इतिहास घडवायला.

त्याचा राग आला. प्रतापचा आला नाही. प्रतापची मला सवय आहे.

२४ सप्टेंबर, बुधवार

चार दिवस फोन वाजतोय. सगळ्यांचं सुरुवातीचं वाक्य तेच: "तसा तो चांगलाच आहे हो, वहिनी."

पण. पण अनुभव कमी. पण सगळ्यांना बरोबर घेऊन चालणारा हवा. पण उद्या एप्रिलमध्ये त्यांची जयंती मंडळात करायची म्हणाला तर? आणि मुख्य म्हणजे गणपतीत अध्यक्ष पूजेला बसतो, हा कसा बसणार?

प्रताप म्हणाला, "माझ्या मनात तसलं काही नाही वहिनी, तुम्हाला माहितीय. पण समाजाची मानसिकता बघावी लागते. अजून वेळ आलेली नाही."

मी म्हटलं, "अमेरिकेत आली वाटतं?"

"तिथलं वेगळं आहे."

लांबची क्रांती बरी असते. तिला घरी जेवायला बोलवावं लागत नाही.

रत्नदीपलाही विचारलं मी फोनवर, पूजेचं काय? शांतपणे म्हणाला, "ताई, पूजेला ज्याला बसायचं तो बसेल. मखर मी बांधीन. आजवर कुणी विचारलं नाही, मखर कुणी बांधलं म्हणून."

फोन ठेवला. चीड आली.

२८ सप्टेंबर, रविवार

शहरात रात्रीच्या दिव्यांत मोटारींची शर्यत. सगळे बहिरे झालेत. शैलेंद्रभाऊंचा फोन तरीही ऐकू आला.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

अलास्काच्या बाईनं वादविवादात कॅमेऱ्याकडे बघून डोळा मारला. भर देशासमोर! आणि आजोबांच्या गोटात आनंदीआनंद. शिकवलेलं सगळं न चुकता म्हणून दाखवलं म्हणे. आमच्या गणेशोत्सवात पाचवीच्या मुलांना यासाठी पेन्सिल-बॉक्स मिळतो.

१९ ऑक्टोबर, रविवार

काल कोजागिरी केली. पौर्णिमा मंगळवारीच होऊन गेली, पण चंद्रानं आमच्या रजा बघून यायला हवं होतं.

आज सकाळी दाराशी शैलेंद्रभाऊ आणि प्रताप. सेम्बावांगला! प्रतापला वाटतं सेम्बावांगच्या पुढं मलेशिया सुरू होतो, त्यात फारसं चूक नाही, पण या बाजूला तो उभ्या जन्मात आला नव्हता. हातात मिठाई. मी ओळखलं, काहीतरी मागायला आलेत.

शैलेंद्रभाऊंनी कढीपत्त्यापासून सुरुवात केली. मनोहर उठून गॅलरीत गेला. मग मुद्दा आला.

"वहिनी, मंडळात फूट नको. प्रताप मोठ्या मनानं मागं सरतोय."

"मी सरतोय," प्रताप म्हणाला. मन कुठं दिसलं नाही.

"तुमचं नाव सगळ्यांना चालेल. पहिली महिला अध्यक्ष! विचार करा!"

"आणि रत्नदीप?"

"तुमच्यापुढं तो कसला उभा राहतोय! तुमचा किती मान ठेवतो."

"पूजेला बाई बसलेली चालेल?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. शैलेंद्रभाऊ गॅलरीकडे बोट दाखवत म्हणाले, "मनोहर बसेल की!"

मनोहर! ज्याला 'सुखकर्ता' दुसऱ्या ओळीनंतर येत नाही!

विचार करून सांगते म्हटलं. ते गेल्यावर अश्लेषा खोलीतून बाहेर आली. सतरा वर्षांची आहे, परीक्षेचा अभ्यास करत होती म्हणे. कान आमच्याकडेच होते.

"आई, यू आर देअर सेरा पेलिन ला!"

तिला म्हटलं, तोंड सांभाळून बोल, आणि ते सिंगापुरी 'ला' शाळेत ठेवून ये. तिनं कॅमेऱ्याकडे बघतात तसं माझ्याकडे बघून डोळा मारला.

२० ऑक्टोबर, सोमवार

माझं वेगळं आहे. ती बाई आयत्या वेळी आणलेली. माझी अकरा वर्षं आहेत. त्यांचा हेतू काहीही असो, हक्क माझा आहे की नाही? दुसऱ्यानं वाईट मनानं दार उघडलं म्हणून आपण खिडकीतून जायचं का?

खुर्ची हवी आहे मला. लिहूनच टाकते. हवी आहे.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

हो म्हटलं.

२७ ऑक्टोबर, सोमवार

दीपावलीची सुट्टी. फराळाचे डबे पोचवले. जुरोंग ईस्टचा डबा दर वर्षी मी स्वतः नेते. प्रियदर्शिनी म्हणजे रत्नदीपची बायको. पॉलिटेक्निकमध्ये शिकवते, कमी बोलते, आणि माझ्या चकलीत मोहन कमी पडलं तर तोंडावर सांगते, म्हणून मला आवडते. पहिल्या वर्षी मी म्हटलं होतं, डबा सावकाश दे. तर म्हणाली, "ताई, रिकामा कसा देऊ? आईनं हात मोडले असते." तेव्हापासून माझा डबा तिच्याकडून कधी सांडग्या मिरच्या, कधी तिळाची चटणी घेऊन येतो.

रत्नदीप सभेतलं भाषण लिहीत होता. मला वाचून दाखवू लागला. मुलांसाठी मराठीचा वर्ग, सेम्बावांगसारख्या लांबच्या लोकांकडेही कार्यक्रम. "दर वेळी तुम्हीच का दीड तास यायचं, ताई?"

मी उभी राहतेय हे त्याला सांगणार होते. तोंडात चकली होती.

२ नोव्हेंबर, रविवार

शैलेंद्रभाऊंचा फोन. "अभिनंदन वहिनी! रत्नदीपनं माघार घेतली. मोठ्या मनानं!"

या मंडळात सध्या मोठ्या मनाची साथ आलीय.

कशी काय घेतली, हे मी विचारलं नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

दुपारी बारा वाजता निकाल. ओबामा. शिकागोत लाखो माणसं, रडणारे म्हातारे. शेजारची चिनी आजी माझ्याकडे टीव्ही बघत होती, तीही डोळे पुसायला लागली. तिला इंग्रजी कळत नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं नाही, नाक चोंदलं होतं.

संध्याकाळी प्रतापकडे पेढे. तो खरंच रडला हो! "आज जगातला प्रत्येक दबलेला माणूस जिंकला!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आजोबांचे शैलेंद्रभाऊही वाजवत होते. जिंकणाऱ्याच्या बाजूला जायला वयाची अट नसते.

मी विचारलं, "रत्नदीपला नाही बोलावलं?"

प्रताप पेढा हातात धरून थांबला. "अरे! राहूनच गेलं बघा."

८ नोव्हेंबर, शनिवार

अध्यक्ष झाले. बिनविरोध. सूचक शैलेंद्रभाऊ, अनुमोदक प्रताप. टाळ्या, बटाटेवडे. रत्नदीप मागच्या खुर्चीवर होता. टाळ्या वाजवल्या त्यानं. प्रियदर्शिनी आली नव्हती.

अकरा वर्षं या क्षणाची वाट पाहिली. वडा गार होता.

९ नोव्हेंबर, रविवार

शैलेंद्रभाऊंचा फोन. नवी कार्यकारिणी त्यांनी ठरवूनही टाकली! "तुम्हाला त्रास नको म्हणून." पैसे ते स्वतः बघणार. कार्यक्रम आणि माइक प्रतापकडे. पूजा मनोहरकडे.

"आणि मी?"

"तुम्ही अध्यक्ष, वहिनी! स्वागत, पाहुण्यांचं चहापाणी. आणि तुमचं ते खुसखुशीत भाषण!"

कळत असेल तर निर्लज्ज, कळत नसेल तर मूर्ख. तिसरा प्रकार ऑगस्टमध्ये सुचला नव्हता. कळत असतं, पण चकली तोंडात असते.

११ नोव्हेंबर, मंगळवार

बाजारातून आले तर दाराच्या जाळीला पिशवी अडकवलेली. आत माझा डबा. घासून, पुसून, कोरडा करून.

रिकामा.

झाकण दोनदा उघडून बघितलं. मनोहर म्हणाला, "विसरली असेल." तो पुरुष आहे. रिकामा डबा विसरून परत येत नाही. आणि जुरोंगहून इथवर येऊन, बेल न वाजवता!

आमच्यात इतकी भांडणं झाली, पण असा तोंडावर दार आपटल्यासारखा डबा मला आजवर कुणी दिला नव्हता.

१२ नोव्हेंबर, बुधवार

गेले जुरोंगला. प्रियदर्शिनीनं दार उघडलं, पाणी दिलं आणि समोर बसली. कमी बोलणाऱ्या माणसाचा हाच त्रास, सुरुवात आपल्याला करावी लागते.

"डबा रिकामा दिलास."

"तुम्ही निरोप कसा दिलात?"

"कसला निरोप?"

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. मग सांगितलं. शैलेंद्रभाऊ त्या शनिवारी घरी आले होते. म्हणाले, स्मितावहिनींनी सांगून पाठवलंय: 'अकरा वर्षं मी खपले, हा कालचा आलेला, यानं माझ्या आड येऊ नये.'

"आणि त्याच आठवड्यात तुम्ही इथे बसून फराळ केलात, ताई. त्याचं भाषण ऐकलंत. म्हणालात, छान आहे."

मी म्हणाले, असा निरोप मी दिलेला नाही. खरं होतं ते. पण शब्द माझेच होते. कुणाला बोलले नव्हते, पण याच वहीच्या मागच्या पानांवर आहेत. शैलेंद्रभाऊंनी सरळसरळ थाप मारली, आणि थाप माझ्या मनातून उचलल्यासारखी निघाली! इतकी वर्षं त्यांना मठ्ठ समजत होते.

हेही सांगितलं दोघांना. निरोप दिला नाही, पण मनात होतं. 

रत्नदीप आतून येऊन ऐकत उभा होता. म्हणाला, "शैलेंद्रभाऊंनी स्वतःसाठी मागितलं असतं तर मी हललो नसतो. तुम्ही मागितलंत म्हणून सोडलं."

"मग धर पुन्हा. उभा राहा."

"कुणाविरुद्ध?"

"माझ्याविरुद्ध. चिठ्ठ्या टाकून."

"पडाल, ताई," प्रियदर्शिनी म्हणाली.

"बघू की! मी काही मोठ्या मनानं पडणार नाही. सगळ्यांच्या घरी पोहे खाल्लेत मी."

ती हसली. पहिल्यांदा. निघताना मी म्हटलं, "डबा आणलाय, भरून दे." तर म्हणते, "आता नाही. निवडणूक होऊ दे. आत्ता दिला तर लाच होईल." डबा मात्र ठेवून घेतला.

१५ नोव्हेंबर, शनिवार

अध्यक्ष म्हणून पहिला हुकूम: सहा डिसेंबरला विशेष सभा. विषय एकच. अध्यक्षपदाची निवडणूक, गुप्त मतदानानं. उमेदवार दोन.

शैलेंद्रभाऊ फोनवर किंचाळले. "चिठ्ठ्या? आपल्यात? माणसं दुखावतात वहिनी!"

"माणसं आधीच दुखावलीत. आता मोजू तरी."

"आणि तुम्हाला बिनविरोध मिळालेलं असताना!"

"मिळालेलं नाही, भाऊ. तुम्ही कुणाकडून तरी आणलेलं होतं. माझं नाव सांगून."

पलीकडे कढीपत्ता सुरू होणार, एवढ्यात मी फोन ठेवला.

प्रताप संध्याकाळी बोलला. "वहिनी, हे इतकं ताणायची काय गरज?"

"अमेरिकेत ताणलं तर पेढे वाटलेस."

बिल्ला काढून ठेवलाय म्हणे त्यानं. काम झालं.

२९ नोव्हेंबर, शनिवार

मुंबईच्या बातम्यांनी तीन दिवस सगळं बंद होतं. सगळे एकमेकांना फोन करून आपापली माणसं विचारत होते. रत्नदीपनं माझ्या दादरच्या बहिणीची चौकशी केली. मी त्याच्या ठाण्याच्या भावाची. प्रचाराचा एक शब्द नाही.

मंडळ म्हणजे खरं तर एवढंच असतं.

४ डिसेंबर, गुरुवार

आज पुन्हा प्रचार. पाच घरं, पाच वेळा पोहे. चार ठिकाणी ऐकलं, "तसा तो चांगलाच आहे हो, वहिनी." पाचव्या घरी बाई म्हणाल्या, "आम्ही तुम्हालाच देणार. आपलं माणूस ते आपलं माणूस."

पोहे तसेच ठेवून उठले. जिंकायचं आहे मला. पण या मतांवर?

७ डिसेंबर, रविवार

हरले. एका मतानं.

शैलेंद्रभाऊंनी काल दोनदा मोजलं. तिसऱ्यांदा मोजायला बसले तेव्हा लोकांनीच त्यांना उठवलं. रत्नदीप माझ्यापाशी आला. प्रियदर्शिनीनं पिशवीतून डबा काढून माझ्या हातात दिला. जड होता.

मनोहर शपथेवर सांगतो, त्यानं मला दिलं. प्रतापनंही मलाच दिलं असणार, दात खाऊन. परतीच्या गाडीत मनोहर घरोघरचा हिशेब करत होता, नेमकं फुटलं कोण?

मी खिडकीबाहेर बघत होते. गुप्त मतदान म्हणजे गुप्त. या वहीपासूनसुद्धा.